आत्या मावेल एवढा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या दुकानात व्हर्नियर घेऊन आलेलं गिऱ्हाईक घाटकोपरच्या त्या दुकानदाराने तोवर पाहिलं नसावं. मी काउंटरवर आधी रुमाल पसरला, त्यावर कॅमेरा आडवा ठेवला आणि व्हर्नियरच्या दोन जबड्यांत धरून त्याची जाडी मोजली. एकदा लेन्सच्या बाजूला, एकदा मधे, एकदा कडेला. तीन ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात जास्त भरेल ते खरं धरायचं, हे मी मुलुंडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं करत आलो. तिथे बेअरिंगच्या रिंगा असायच्या, एवढाच फरक.

"काका, स्लिमच आहे तो," दुकानदार म्हणाला. "मोजताय काय?"

"खोक्यावर बावीस मिलिमीटर लिहिलंय. तेवीस भरतोय."

"मग?"

"मग खोटं लिहिलंय."

त्याने माझ्याकडे आणि मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. बायको लगेच बाहेर जाऊन शेजारच्या दुकानातले पायपोस बघायला लागली. लग्नाला तीस वर्षं झाली की माणसाला कुठे ओळख दाखवायची नाही हे बरोबर कळतं.

एक मिलिमीटरवरून मी एवढा का अडलो होतो, ते सांगायचं तर तेराव्यापासून सुरुवात करायला हवी.

वडिलांचे एक चुलतभाऊ ठाण्याला वारले. त्यांच्या तेराव्याला आम्ही तिघं गेलो होतो, मी, बायको आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, महापालिकेच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, आणि मी दहा वर्षांचा असल्यापासून आमच्याच घरात. आई टेलिफोन खात्यात नोकरीला होती, त्यामुळे माझा डबा, माझा अभ्यास आणि माझ्या पाठीत बसणारे धपाटे हा सगळा विभाग आत्याकडे होता. आता आई-वडील नाहीत. आत्या एक्याऐंशीची आहे, आणि धपाटा सोडला तर विभाग तिने अजून माझ्या ताब्यात दिलेला नाही.

तर तेराव्याला समोर स्टुलावर काकांचा हार घातलेला फोटो होता. माणूस गेला की आपल्याकडे पहिली धावपळ फोटोची होते. घरात हजार फोटो निघतात आणि धड एक नसतो. काकांच्या मुलांनी कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचं डोकं उचलून दिलं होतं, आणि फोटोवाल्याने त्याला खाली तयार कोट-टाय जोडून मागे निळा पडदा सोडला होता. काकांनी जन्मभर बुशशर्टाशिवाय काही घातलं नव्हतं. शिवाय नवरदेवाच्या फेट्याचा तुरा कापायचा राहून गेला होता. तो काकांच्या कानामागून असा डोकावत होता की काका लावणीच्या बारीला निघाल्यासारखे वाटत होते. लोक येत होते, हात जोडत होते आणि पटकन मान खाली घालत होते. मीही घातली. बायकोचे खांदे हलत होते, आणि शेजारच्या बाई तिला पाणी देऊन समजावत होत्या.

आत्या एकटी त्या फोटोकडे टक लावून बघत होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, "माझा फोटो आत्ताच काढून ठेव. नंतर शोधाशोध नको."

"आत्या, काय बोलतेस!"

"काय वाईट बोलतेय? जाणार नाही का मी? फोटो काढ म्हणतेय, लाकडं आण नाही म्हणत. आणि ऐक, अख्खी पाहिजे. आणि मला कोट नको."

घरी आल्यावर मी सगळे अल्बम खाली काढले. मला वाटलं, साठ वर्षांत एखादा तरी चांगला फोटो असेलच. दुपारभर मी जमिनीवर बसून पानं उलटली. माझ्या मुंजीत तबक धरलेला आत्याचा हात आहे, कोपरापर्यंत. माझ्या पाचव्या वाढदिवसाला, ती तेव्हा पाहुणी म्हणून आली होती, केकच्या मागे तिचा पदर आहे. गणपतीच्या आरतीत निरांजन आहे आणि निरांजन धरलेली बोटं. आमच्या लग्नात ती अक्षता वाटत होती, तिथे डावा खांदा, एक कान आणि अर्धा अंबाडा मिळाला. पवईच्या तलावावर सहलीला गेलो होतो त्यात ती डोक्यापासून पायापर्यंत उभी होती, मी आनंदाने ओरडणारच होतो, तर तिच्या तोंडावर वडिलांचा अंगठा. फोटो काढताना ते नेहमी लेन्सवर बोट ठेवायचे.

साठ वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत कोणी तरी ताट, दिवा, मूल किंवा पिशवी धरून कडेला उभं होतं, आणि ते कोणी तरी म्हणजे आत्या. अल्बम मिटताना मला आमच्या सगळ्यांचा राग आला. माझा जरा जास्तच, कारण अलीकडचे फोटो मी काढले होते.

म्हणून मी ठरवलं की फोटो काढायचाच, आणि धड काढायचा.

"फोनवर काढा की," बायको म्हणाली. पण आत्यापुढे फोन धरून कोणी बघावा. आमचा मुलगा बेंगळुरूला असतो आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. त्यामुळे समोर फोन उचलला की त्यात आपला नातू आहे अशी आत्याची ठाम समजूत आहे. ती ताबडतोब जवळ येते आणि "जेवलास का? आवाज येतोय का?" असं ओरडते. फोनमधल्या तिच्या सगळ्या फोटोंत एक कपाळ आहे आणि एक उघडं तोंड.

मोठ्या कॅमेऱ्याची दुसरीच तऱ्हा. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफरने तिच्यावर कॅमेरा रोखला, तर आत्या हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी ताठ बसली. तो गेला तरी पाच मिनिटं तशीच.

मग माझ्या डोक्यातली सगळी यंत्रणा सुरू झाली. आत्याला कळायच्या आत फोटो निघायला हवा. म्हणजे कॅमेरा शर्टाच्या खिशात मावला पाहिजे आणि बाहेरून फुगवटा दिसता कामा नये. म्हणजे स्लिम हवा. खिशातून काढून बटण दाबल्यावर तो झटकन जागा झाला पाहिजे. कॅमेरा दिसल्यापासून ताठ होईपर्यंत आत्याला किती वेळ लागतो तेही मी मोजलं, जुना बंद पडलेला कॅमेरा अचानक पुढे करून. तीनदा मोजलं. दोन सेकंद भरले.

"हे काय चाललंय?" तिसऱ्या वेळेला आत्याने विचारलं.

"चाचणी."

"कोणाची?"

मी लांब वही काढली, रकाने आखले. जाडी, वजन, जागा व्हायला लागणारा वेळ, झूम, अंधारात कसा, आवाज करतो का, बॅटरी. पहिल्याच पानावर वर लिहून ठेवलं: आत्या, दोन सेकंद.

अडचण अशी की हल्ली असे कॅमेरे मिळतच नाहीत. मुलुंडच्या तीन दुकानांत मला वेड्यात काढलं. "अंकल, ते बंद झालं. फोन घ्या ना मस्त." चौथ्या दुकानात फक्त पासपोर्ट फोटो निघत होते, तिथला माणूस म्हणाला, "आजीला घेऊन या, मी काढतो, कोट फ्री आहे." कोट म्हटल्यावर मी तिथे थांबलोच नाही.

मग कोणी तरी सांगितलं की कॉलेजातल्या पोरांमध्ये जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन आली आहे, नेटवर बघा. नेटवर एका मुलीचा चंदेरी कॅमेरा विकायला होता. ती बोरिवलीला स्टेशनबाहेरच्या ज्यूसवाल्याकडे भेटली. मी मोसंबी-संत्र्याचा गंगा-जमुना मागवला, वही उघडली आणि व्हर्नियर काढला. ती दोन पावलं मागे सरकली.

"अंकल, हा माझ्या पप्पांचा आहे. एकदम झकास आहे. फोटो थोडे धुरकट येतात आणि फ्लॅश मारला की डोळे लाल होतात."

"मग किंमत कमी का नाही?"

"उलट त्याच्यामुळेच महाग आहे ना. तसेच फोटो पाहिजेत आता सगळ्यांना."

चौतीस वर्षं मी दोष आहे म्हणून माल परत पाठवला. दोष आहे म्हणून जास्त भाव, हा प्रकार मला पचेना. तरी मी तो चालू-बंद करून वेळ घेतला. तीनदा व्यवस्थित झालं. चौथ्यांदा लेन्स बाहेर आली ती आत जाईना. मुलीने शांतपणे कॅमेरा घेतला, जीन्सवर दोनदा आपटला, लेन्स आत गेली. "कधी कधी रुसतो," ती म्हणाली. मी वहीत "रुसतो" असं लिहिलं आणि घरी आलो.

असे चार महिने गेले. वहीत अकरा कॅमेरे झाले. जो बारीक होता तो जागा व्हायला साडेतीन सेकंद घ्यायचा. जो झटकन जागा व्हायचा तो खिशात साबणाच्या वडीसारखा दिसायचा. एक सगळ्यात बसला होता, पण चालू होताना टुणटुण वाजायचा आणि ते बंद कसं करायचं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. घाटकोपरच्या दुकानात जुना माल खोक्यासकट शिल्लक होता, तिथे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा दुकानदाराने मला बघून स्वतःच रुमाल पसरला.

इकडे आत्याची तयारी झाली होती. अबोली रंगाची, हिरव्या काठांची साडी तिने इस्त्री करून कपाटात वरच ठेवली होती. दर रविवारी ती विचारायची, "आला का रे तुझा कॅमेरा?"

"बघतोय. घाईत घेऊन चालत नाही."

"घाई मला आहे, तुला कशाला असेल? पोलक्याला एवढे दिवस लावले असते ना, तर बायका पोलक्यातून वाढून बाहेर आल्या असत्या."

आणि मग तिचा दात पडला. वरचा, पुढचा, अगदी मधला. शेंगदाण्याची चिक्की खाताना. ती खाऊ नको असं डॉक्टरने, मी आणि बायकोने तिला सांगितलं होतं. हातातल्या दाताकडे बघत आत्या स्वयंपाकघरात उभी राहिली. मला वाटलं चिक्कीला नावं ठेवील. ती माझ्याकडे वळली.

"मेल्या, तुझ्या मोजमापात माझा दात गेला."

चार महिन्यांपूर्वी फोटो काढला असता तर त्यात दात असता, हे खरंच होतं. मी म्हणालो, दात बसवून घेऊ, तोवर मी अजून दोन कॅमेरे बघतो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मागे मेथी निवडत बसलेल्या बायकोने जुडी खाली ठेवली. आत्या खोलीत जाईपर्यंत ती थांबली.

"अहो, एक सांगू? तुम्हाला कॅमेरा निवडता येत नाही असं नाही. तुम्हाला तो फोटो काढायचाच नाहीये."

मी भडकलो. वहीची पानं तिच्यापुढे फडकवली. बारकाव्याने काम करणाऱ्या माणसाची या घरात कदर नाही वगैरे बोललो, चपला घातल्या आणि सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला लागलो. पहिली फेरी रागात गेली. दुसऱ्या फेरीला मी मनातल्या मनात बायकोला चोख उत्तरं दिली. तिसऱ्या फेरीला पाण्याच्या टाकीपाशी मला थांबावं लागलं, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. कॅमेरा आला की फोटो निघणार. फोटो निघाला की भिंतीवर जागा ठरणार. आत्या भिंतीवर आणि गॅलरीतली खुर्ची रिकामी, हे मला बघायचं नव्हतं. वही भरत राहिली की ते पुढे जात होतं. दहा वर्षांचा होतो तेव्हा आत्या गावाला निघाली की मी तिची चप्पल लपवायचो. साठीला आलो तरी माझी अक्कल चपलेपलीकडे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरला गेलो. बावीस लिहिलेला आणि तेवीस भरणारा तोच कॅमेरा मागितला.

"आज मोजायचा नाही?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

"तब्येत बरी आहे ना, काका?"

घरी येऊन मी लगेच छापा घालायला सुरुवात केली. आत्या पेपर वाचत होती. मी सहज गेल्यासारखा तिच्यासमोरून गेलो, खिशात हात घातला, बटण दाबलं. जागा व्हायला सव्वा सेकंद, माझ्या नोंदीप्रमाणे. पण कॅमेरा खिशातून काढतानाच कोपरा शिवणीत अडकला. आत्याने वर बघितलं आणि ताठ झाली. दोन दिवसांत मी असे तीस फोटो घेतले. दाराआडून घेतले, फ्रिजमागून घेतले, वाकून बुटाची नाडी बांधतोय असं दाखवून घेतले. तिसांत तीस ताठ. कारखान्यात एवढा माल नापास झाला असता तर मशीन बंद केलं असतं.

तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच अबोली साडी नेसून गॅलरीत आली आणि खुर्चीत बसली.

"पुरे झाला तो लपंडाव. काढ सरळ समोरून."

"दात बसवून घे आधी. पुढच्या बुधवारची वेळ मिळालीय."

"काही नको. अख्खी म्हणजे आहे तेवढी अख्खी."

पण आमची गॅलरी उत्तरेला आहे, वर कबुतरांची जाळी, पुढे नवा टॉवर. पडद्यावर आत्या काळीच दिसत होती. "अंधारात कसा" या रकान्यात मी या कॅमेऱ्याला तीन गुण दिले होते, दहापैकी. उजेड हवा म्हणून मुलाच्या अभ्यासाचा टेबल-लँप आणला, तर ठेवायला जागा नाही. शेवटी कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि मी बाजूला उकिडवा बसून लँप धरला.

"अजून वर धरा," बायको म्हणाली. मी वर धरला. "डावीकडे." मी डावीकडे सरकलो. वायर ताणली गेली, माझा तोल गेला, एक हात कुंडीत आणि दुसऱ्या हातात लँप तसाच वर.

आत्या कॅमेऱ्याला विसरलीच. माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, बस की नीट खाली! कंबर धरली म्हणजे? एक दिवा धरता येत नाही धड, मी साठ वर्षं धरले!" आणि हसायला लागली, तोंडावर हात न घेता.

बायकोने बटण दाबलं. वहीचं एक पानही तिने कधी वाचलं नव्हतं.

फोटो मी पडद्यावर मोठा करून बघितला. अंबाड्यापासून पायापर्यंत आत्या. पुढचा दात नसलेलं तोंडभर हसू. अबोली साडीखाली बाथरूमच्या निळ्या स्लिपर. आणि डाव्या कडेला, चौकटीत घुसलेला, लँप धरलेला माझा हात, कोपरापर्यंत.

फ्रेमवाल्याकडे आत्या सोबत आली, स्टुलावर बसली. मी त्याला म्हणालो, हा हात कापून टाका.

"कापतो. स्लिपरच्या जागी पण काही तरी चांगलं टाकू? दात पण लावून देतो, दोन मिनिटांचं काम."

"कशाला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "आहे तसा कर."

"आत्या, तो हात वाईट दिसतोय. तुझा एकटीचा फोटो पाहिजे ना?"

"अख्खी आलेय ना मी? मग झालं. दिवा धरणारा माणूस कडेला असायचाच."

मी फ्रेमवाल्याला आगाऊ पैसे दिले.

घरी आल्यावर मी फोटो कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायला निघालो, तर ती उखडली. "वर कुठे नेतोस? मेल्यावर मला काय दिसणार आहे? आत्ता लाव." मग आजी-आजोबांच्या शेजारी, ती दाखवेल तिथे, मी खिळा ठोकला. रोज सकाळी ती स्वतः फोटो पुसते आणि एकदा स्लिपरपर्यंत बघून घेते.

पुढच्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले. दारातून त्यांना भिंत दिसली. त्यांनी चपला काढल्या, फोटोसमोर जाऊन डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडले तेव्हा शेजारी आत्या चहाचा कप घेऊन उभी होती. त्यांच्या हातातले कागद जमिनीवर पसरले.

"घ्या, साखर कमी आहे," आत्या म्हणाली.

चहा पोटात गेल्यावर सेक्रेटरींना कंठ फुटला. काही तरी बोलायला हवं म्हणून त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं. "छान आलाय. फक्त तो कडेचा हात कोणाचा?"

"माझ्या भाच्याचा."

"मग ते पूर्ण का नाही आले?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, आणि लहानपणी ताप उतरला की बघायची तसा माझ्या कपाळावर हात ठेवला.

"त्याचा अख्खा काढायला अजून वेळ आहे," ती म्हणाली.